झुलाल भगताची टाच

कल्पना करा, तुमच्या कमरेला मनगटाएवढा जाड दोर बांधलाय. दोराच्या दुसऱ्या टोकाला एक बैलगाडी, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, अशा बारा गाड्या एकीला एक बांधलेल्या. बैल मात्र एकही नाही. गाड्यांवर माणसं खच्चून बसलेली. नवसाची लेकरं मांडीवर घेतलेल्या बाया, काठ्या सांभाळणारे म्हातारे, आणि नवसबिवस काही नसताना नुसतं बसायला मिळतं म्हणून चढलेले रिकामटेकडे. तुमच्या अंगाला हळद फासलेली, गळ्यात हार, समोर खंडेरावाचं देऊळ. आता ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणा, चवड्यांवर जोर द्या आणि ओढा.

जमणार नाही असं वाटतं ना? झुलाल तोतारामला जमायचं. चोपड्याच्या अलीकडे, तापीकाठच्या धामणखेड्यात दर चंपाषष्ठीला बारागाड्या ओढण्याचा मान त्याच्या घराकडे होता. बाप तोताराम भगत, त्याच्याआधी आजा, आणि आता झुलाल. वर्षातला तो एक दिवस सोडला, तर झुलाल पिठाच्या गिरणीत स्टुलावर बसून असायचा. बटन दाबायचं, पट्टा फिरू लागला की पुन्हा बसायचं. लाइट गेली की बसूनच राहायचं. चाळिशीपर्यंत त्याचं पोट ज्वारीच्या अर्ध्या पोत्यासारखं गोल झालं होतं. त्याची बायको यशोदाबाई म्हणायची, “यास्ना अंगमा देव वरीसमा एकदाच येस. बाकी बठ्ठा वरीस नुसता भाकरी जातीस.”

झुलाल हे ऐकून स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसायचा. भगत असल्याचा त्याला अभिमान होता, पण आपण पैलवान आहोत असा गैरसमज त्यानं कधी करून घेतला नव्हता. ‘ओढणारा देव, मी फक्त दोराची गाठ,’ असं तो म्हणायचा. म्हणायचा, पण मनातून त्याला वाटायचं की गाठसुद्धा जरा बळकटच असणार.

भगत एकटा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक बगल्या चालतो. भगताच्या काखेत हात घालून त्याला धरायचं, अंगात आलेल्या माणसाला पडू द्यायचं नाही, हे बगल्याचं काम. झुलालच्या उजव्या हाताला वर्षानुवर्षं त्याचा चुलतभाऊ नथ्थू असायचा. नथ्थू केळीच्या मळ्यात राबणारा, काटक, कमी बोलणारा. गाव भगताच्या पाया पडायचं. बगल्याच्या पाया कोणी पडत नाही.

एकोणनव्वदच्या चंपाषष्ठीला गाड्या निघाल्या, मारुतीचा पार ओलांडला, आणि देऊळ नजरेच्या टप्प्यात आलं तेवढ्यात झुलालच्या उजव्या टाचेवर मागून कोणीतरी सणसणीत लाथ घातली. आवाजसुद्धा आला, गिरणीचा पट्टा तुटताना येतो तसा, फाट्‌दिशी. झुलालनं मागे वळून पाहिलं. उजव्या हाताला नथ्थू. झुलालनं काहीएक विचार न करता, देवासमोर, हळदीनं माखलेल्या हातानं नथ्थूच्या थोबाडात ठेवून दिली.

वाजंत्री थांबली. नथ्थूच्या गालावर पाच पिवळी बोटं उमटली. पण गाड्या थांबल्या नव्हत्या. बारा गाड्या माणसांसकट मागून येतच होत्या, आणि झुलालचा उजवा पाय ओल्या फडक्यासारखा खाली लोळत होता. नथ्थूनं गाल चोळला नाही. त्यानं झुलालच्या काखेत हात घातला, दुसऱ्या बगल्याला हाक मारली, आणि दोघांनी त्या अर्ध्या पोत्याला उचलून देवळापर्यंत पळवत नेलं. नाहीतर पहिल्या गाडीचं चाक त्याच्यावरूनच गेलं असतं. गाड्या देवळाशी टेकल्या. नारळ फुटले. परंपरेत खंड पडला नाही.

त्या दिवसापासून नथ्थू मात्र गिरणीची वाट विसरला. ज्वारी घेऊन शेजारच्या गावाला दळायला जाऊ लागला.

झुलालच्या टाचेबद्दल गावाची मतं पडली. कोणी म्हणालं, पथ्य मोडलं. कोणी म्हणालं, हळद नासकी होती. चोपड्याला जाऊन पायाचा फोटो काढला, त्यात हाडं सगळी शाबूत निघाली. झुलाल तो फोटो गिरणीत उजेडाकडे धरून गिऱ्हाइकांना दाखवायचा. “दखा, भगतनं हाड शे. असं तसं तुटनार नही.” हाड शाबूत म्हटल्यावर मुरगळलं असणार, म्हणून गावात हाडं बसवणाऱ्या निंबाबोवाकडून पट्टी बांधून घेतली. निंबाबोवाचा अंगठा म्हणजे गावातली सर्वांत कठीण वस्तू. त्यानं टाचेच्या वर अंगठा रोवला तेव्हा तिथे खड्डा लागला. “गाठ विरघयनी,” बोवा समाधानानं म्हणाला. गाठ विरघळली नव्हती. तिथे जी शीर असायला हवी ती तिथे उरलीच नव्हती. पण हे बोवाला कळलं नाही, आणि झुलाल तर महिनाभर त्या खड्ड्यात तेल जिरवत बसला.

महिन्यानं सूज उतरली, दुखणं जवळजवळ गेलं, पण चालताना पाय फटक फटक वाजायचा. गिरणीच्या तोंडात दाणे ओतायला चवड्यावर उभं राहावं, तर उजवा पाय उठायचाच नाही. धुळ्याला दिलेली थोरली बहीण बेबाबाई भेटायला आली, तिनं भावाला अंगणात चालताना पाहिलं आणि म्हणाली, “अरे, तू तर बदकासारखा चालतोस! चल धुळ्याला.”

झुलाल जायला तयार झाला तो पायासाठी नाही. पारावर उखर्डू आबांनी विषय काढला होता. आबा गावातले सगळ्यात वडील, देवळाचं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. ते म्हणाले होते, “झुलाल, पुढला वरीसले गाडा कोन वढी?” रीत साधी होती. भगताला जमलं नाही तर मान भाऊबंदकीतल्या दुसऱ्या घराला जातो. आणि एकदा गेलेला मान परत फिरत नाही. दुसरं घर म्हणजे नथ्थूचं. ज्याला आपण थोबाडलं त्याच्याच कमरेला आपल्या आज्याचा दोर! झुलालला त्या रात्री भाकर गोड लागली नाही, आणि हे यशोदाबाईच्या लक्षात आलं, कारण असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

धुळ्यात डॉक्टर कोठावदे म्हणून हाडांचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही. झुलालला टेबलावर पालथं झोपवलं, पाय कडेबाहेर लोंबते ठेवले आणि डावी पोटरी मुठीत दाबली. डाव्या पायाचा पंजा हलला, नंदीबैलानं मान डोलवावी तसा. मग उजवी पोटरी दाबली. पंजा ढिम्म.

“काय झालं होतं नेमकं?” डॉक्टरांनी विचारलं.

“चुलतभावानं लाथ मारली. मागून.”

डॉक्टर हसले. “या दुखण्याचे माझ्याकडे जेवढे आले, ते सगळे हेच सांगतात. एका बँकेच्या मॅनेजरनं बॅडमिंटन खेळताना वळून मागच्याला शिवी दिली. मागे भिंत होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणी मारत नाही, भाऊ. टाचेमागची जाड शीर तुटली की मागून लाथ बसल्यासारखंच वाटतं. तुमची पूर्ण तुटलीय.”

पालथा झोपलेला माणूस आधीच लाचार असतो. झुलालनं तोंड उशीत खुपसलं. टाचेपेक्षा त्याचा उजवा तळहातच जास्त चुरचुरू लागला.

“काम काय करता?” डॉक्टर विचारत होते.

“बारागाड्या ओढतो.”

“रोज?”

“नाही. वर्षातून एकदा.”

“आणि बाकीचे दिवस?”

झुलालनं थोडा विचार केला. “बसतो.”

“मग बरोबर. रोज ओझं उचलणाऱ्यांपेक्षा वर्षभर बसून एकदम जोर लावणाऱ्यांची ही शीर जास्त तुटते. साहेब लोकांना होतं हे.”

हे शेवटचं वाक्य झुलालनं पक्कं लक्षात ठेवलं. पुढे गावात कोणी विचारलं की तो ऐटीत सांगायचा, “हाई साहेब लोकेस्ना आजार शे. तुमले व्हनार नही.”

ऑपरेशनला कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं. झुलाल जागा, आणि पुन्हा पालथा. पाठीमागे कात्र्या-चिमट्यांची किणकिण चालली होती. गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गिरणीतला पट्टा तुटला की दोन्ही टोकं ताज्या कापाची करून जोडायची, आणि जोडताना थोडा आखूड ठेवायचा, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा तो उशीतूनच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, जरा आवळून शिवा. ढिला राहिला तर घसरतो.”

“काय घसरतो?”

“पट्टा.”

नर्स फिसकन हसली. डॉक्टर म्हणाले, “तुमचा पट्टा महिनाभर तेल पिऊन बसलाय. टोकं इतकी दूर गेलीत की एकमेकांना भेटतच नाहीत. पोटरीतून एक पट्टी सोडवून खाली वळवतोय, तेव्हा सांधा जुळेल. आता थोडा वेळ देवाचं नाव घ्या.”

“मनात घेऊ का मोठ्यानं?”

“मनात.”

तरीही झुलालनं एक शहाणपणाचा प्रश्न शिल्लक ठेवला होता. पट्टी बांधताना तो त्यानं विचारलाच. नवा पट्टा आठवड्यानं सैल पडतो, मग तो पुन्हा ताणावा लागतो. हा कधी ताणणार? डॉक्टरांनी हात थांबवला आणि त्याच्या डोक्याकडे येऊन, नीट डोळ्यांत पाहून सांगितलं, “उलटं आहे. हा जोड घाईनं ताणला तर लांबेल, आणि लांबला की मी तरी काय, खंडेरावही तो आखूड करायचा नाही. पायाला नाही, तुम्हाला धीर हवाय.”

धीर ही वस्तू झुलालच्या गिरणीत कधी दळायला आली नव्हती.

मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं, तेही पंजा खाली वाकवून, जणू पाय चवड्यावर उभा राहून कुणाच्या कुंपणापलीकडे डोकावतोय. बहिणीच्या घरी काही दिवस काढून तो एस.टी.नं गावी आला. पाय पुढच्या सीटवर मावेना, म्हणून आडवा वाटेत ठेवला. अमळनेरपर्यंत प्रत्येक चढणाऱ्यानं त्याला ठेच मारून वर “काय भाऊ, पडले का?” असं विचारलं. पुढे प्लॅस्टर गुडघ्याखाली आलं. उन्हाळ्यात आत खाज सुटली. झुलाल आत फुंकर घालायचा प्रयत्न करायचा आणि पोट आडवं यायचं. यशोदाबाई कळशी घेऊन जाता जाता म्हणायची, “बारा गाडा वढनारा! आते सोतानी चड्डी वढाले बी दोन मानसे लागतस.”

“तेच बगले,” झुलाल म्हणायचा. “भगतले बगले लागतसच.”

म्हटलं खरं, पण बगल्या हा शब्द तोंडातून निघाला की त्याचं हसू अर्ध्यावर राहायचं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा पोटरी केळीच्या कोवळ्या कोंबाएवढी बारीक उरली होती. डॉक्टरांनी सांगितलं की एकदम सपाट पाय टेकवायचा नाही. चपलेची टाच उंच करून घ्यायची आणि काही आठवड्यांनी एकेक थर काढत यायचा. चोपड्याच्या चांभारानं टायरच्या रबराचे थर एकावर एक ठोकून दिले. एकच टाच उंच केली तर माणूस तिरका चालणार, म्हणून दोन्ही केल्या. अशा रीतीनं खंडेरावाचा भगत उंच टाचांच्या चपला घालून धामणखेड्याच्या मुख्य गल्लीतून चालला. दळण घेऊन बसलेल्या धुरपदाबाईनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, “झुलालभाऊ, हाई कोनतं शिनेमानं?”

“हाऊ पहिला पार्ट शे, अक्का,” झुलाल म्हणाला. “दुसरामा नाच शे.”

याच चपलांत तो नथ्थूच्या मळ्यात गेला. चिखलात रबराचे थर रुतत होते, तो एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं केळीची खोडं धरत पुढे सरकत होता. नथ्थू घडांना टेकू लावत होता. त्यानं पाहिलं, पण काम थांबवलं नाही.

झुलालनं सगळं सांगितलं. पोटरी दाबल्यावर पाय कसा हलला नाही, मॅनेजरच्या मागे भिंत कशी होती. सांगताना त्यानं तो किस्सा इतका रंगवला की मूळ गोष्ट राहूनच गेली. शेवटी श्वास घेऊन म्हणाला, “तू लाथ मारीच नव्हती, नथ्थू.”

“हाई माले माहीत व्हतं,” नथ्थू म्हणाला.

“चुकनं मनं.”

नथ्थूनं टेकू जमिनीत घट्ट रोवला. “भाऊ, लाथ मारनी ऱ्हाती ते गिरनीवर येईसन मारतू. देवना म्होरे काबर मारू?” मग पायांकडे पाहून म्हणाला, “आनि आते मारानी गरजच काय? तू अशाच पडशी.”

आणि झुलाल खरोखर मागच्या मागे चिखलात बसला. नथ्थूनं सवयीनं काखेत हात घालून त्याला उठवलं. दुसऱ्या दिवशी नथ्थूची ज्वारी गिरणीत आली.

भाऊबंदकी मिटली, पण पारावरचा प्रश्न मिटला नव्हता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. भिंतीला हात टेकून दोन्ही चवड्यांवर उठायचं, पुढे जमलं की एकाच पायावर. “उजव्या एकट्या पायावर डाव्याइतकं सहज उठता आलं, की गाड्यांचं मला विचारा. त्याआधी नको.” झुलाल गिरणीत पट्टा फिरत असताना भिंतीशी वर-खाली करायचा. लाइट गेली तरी करायचा. पावसाळ्यात घाईनं रबराचे दोन थर एकदमच काढून टाकले, शीर सुजली, आणि धुळ्याला जाऊन बोलणी खाल्ली ती वेगळीच. दसऱ्यापर्यंत पोटरी भरली. पोट मात्र कमी झालं नाही, ते या सगळ्यात तटस्थ होतं.

दिवाळी झाली आणि आबांनी पारावर माणसं बोलावली. कोणी काही बोलायच्या आत झुलाल उठला. “सांगाले कसाले? करीसन दखाडस,” म्हणाला आणि हात मागे बांधून, उजव्या एकट्या पायावर उभा राहिला. टाच उचलली. उठली! माणसं पुढे सरकली. पोटरी थरथरू लागली, मग मांडी, मग पोट, आणि खंडेरावाचा भगत अलगद उखर्डू आबांच्या मांडीवर जाऊन बसला.

“उठ रे बाप्पा,” आबा खालून कण्हले. “मनं बी हाड तोडशी!”

सगळा पार हसला. झुलालही हसला. हसता हसता त्याला आबांच्या शेजारी नातवंडं दिसली, यंदा गाडीवर बसणार म्हणून आतापासून नाचणारी. आणि मागून येणारी चाकं आठवली, थोबाडीत बसलेली असताना काखेत घुसलेला हात आठवला. टाच पुन्हा मध्येच गेली तर? तो मांडीवरून न उठताच म्हणाला, “आबा, यंदा गाडा नथ्थू वढी. मी बगल्या.”

आबांनी फक्त एवढंच विचारलं, “मान परत फिरत नही, ठाउक शे ना?”

“ठाउक शे. पन मना बाप म्हने, गाडा मधमा थांबनी नही पायजे.”

नथ्थू कोपऱ्यात बसला होता. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही.

चंपाषष्ठीला आज्याचा दोर झुलालनं स्वतःच्या हातांनी नथ्थूच्या कमरेला बांधला. हळद लावताना गालाला जरा जास्तच लावली. येळकोट झाला, नथ्थूचे डोळे फिरले आणि गाड्या निघाल्या. झुलाल उजव्या बाजूला, एक हात नथ्थूच्या काखेत, लंगडत पळत. भगत झाल्यापासून पहिल्यांदाच तो या गर्दीत शुद्धीवर होता. भगताला फक्त देऊळ दिसतं, बगल्याला सगळं दिसतं. त्याला घाम दिसला, रस्त्यावरचा खडा दिसला, मागच्या गाडीला खांदे लावून रेटणारे कितीतरी तरणे दिसले. आणि मारुतीच्या पारापुढे त्यानं सहज मागे पाहिलं तेव्हा दोर दिसला. नथ्थूची कमर आणि पहिली गाडी यांच्यामध्ये दोर सैल पडला होता. मधोमध लोंबत, जमिनीला शिवत होता. पुन्हा ताणला, पुन्हा लोंबला. गाड्या येतच होत्या.

देवळाशी गाड्या टेकल्या. माणसं नथ्थूच्या पाया पडली. झुलालकडे कोणी आलं नाही, तेव्हा त्यानं आपलीच टाच चाचपून पाहिली. शाबूत होती.

धुळ्याला दाखवायला गेला तेव्हा त्यानं डॉक्टरांना दोराचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाय नेटानं रेटताना एका झटक्यात शीर तुटते, दोराला किती ताण होता ते मला कसं सांगता येईल? यशोदाबाई म्हणाली, ओढणारा देव असं तुम्हीच सांगायचे, मग आता देवालाच विचारा. आबा म्हणाले, असलं विचारू नये.

झुलालला खरं उत्तर देईल असा माणूस एकच आहे. इतकी वर्षं झुलालच्या उजव्या बाजूला शुद्धीवर चालत होता तो नथ्थू. दर आठवड्याला तो दळण घेऊन गिरणीत येतो, पोत्यावर बसतो, बिडी ओढतो. पट्टा फिरत असतो. झुलाल स्टुलावरून पुढे वाकतो, तोंड उघडतो आणि दर वेळी पिठाबद्दल काहीतरी बोलून मागे सरतो. विचारायचं तर एवढंच असतं: नथ्थू, खरं सांग, मना टाइमले दोर ताठ व्हता का रे?